लिथियम कार्ब : एका नावाचा इतिहास

लिथियम म्हटले की हल्ली मोबाईलची बॅटरी आठवते. आमच्या आजोळी मात्र या शब्दाला फार जुना, घरगुती अर्थ होता. माजघरातल्या फडताळात दोन बाटल्या असत. एक आजोबांची: बोटाएवढी काचेची कुपी, बुचाला कापूस, आत साबुदाण्याहून जराशा मोठ्या पांढऱ्या गोड गोळ्या. दुसरी मामाची, औषधांच्या दुकानातून आणलेली, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय न मिळणारी. आजोबांना गाऊट होता आणि लघवीचा त्रासही होता. मामाला ज्या आजाराचे नाव घरात कोणी घेत नसे, तो होता. दोन्ही बाटल्यांवरचे नाव जवळजवळ सारखेच होते: एकीवर लिथियम कार्बोनिकम, दुसरीवर लिथियम कार्बोनेट. लहानपणी मला यात काही नवल वाटले नाही. ते पुढे वाटले, आणि प्रस्तुत लेख त्या नवलापोटी लिहिला आहे.

होमिओपॅथीच्या औषधग्रंथांत लिथियम कार्बोनिकमचे वर्णन उघडून पाहिले तर एक विशिष्ट रुग्ण डोळ्यांसमोर उभा राहतो. बोटांचे सांधे सुजलेले, दुखरे; सांध्यांवर गाठी; लघवी गढूळ, तिच्यात तांबूस साका; मूत्राशयात कळ; लघवीला जाण्यापूर्वी छातीत दुखणे आणि गेल्यानंतर ते थांबणे. शिवाय एक विलक्षण लक्षण दिलेले असते. रुग्णाला वस्तूंचा उजवा अर्धा भाग दिसेनासा होतो. विल्यम बोरिक यांच्या सुप्रसिद्ध औषधकोशात या औषधाच्या खाली ‘युरिक आम्लाची प्रकृती’ हा शब्दप्रयोग येतो. तो वाचताना थबकायला हवे. कारण होमिओपॅथीचे मूळ तत्त्व असे की निरोगी माणसाला औषध द्यावे, त्याच्यात कोणती लक्षणे उमटतात ते निमूटपणे नोंदवावे, आणि तशीच लक्षणे असलेल्या रुग्णाला ते औषध द्यावे. या पद्धतीत रोगाच्या कारणाविषयीच्या सिद्धान्ताला जागा नाही. हानेमान यांचा तर असल्या सिद्धान्तांवर रोषच होता. मग ‘युरिक आम्लाची प्रकृती’ ही खास ॲलोपॅथीची, तीही एका ठरावीक काळातील ॲलोपॅथीची कल्पना या गोड गोळ्यांत शिरली कशी?

उत्तरासाठी थोडे मागे जावे लागेल.

दगडापासून सुरुवात करू, कारण लिथियमच्या नावातच दगड आहे. १८१७ मध्ये स्टॉकहोमला बर्झेलियसच्या प्रयोगशाळेत योहान ऑगस्ट आर्फवेडसन हा पंचविशीतला तरुण पेटलाइट नावाच्या खनिजाचे पृथक्करण करीत होता. (हे खनिज स्वीडनमधील ऊटो बेटावर प्रथम ओळखणारा गृहस्थ म्हणजे जुझे बोनिफासिओ, जो पुढे ब्राझीलच्या स्वातंत्र्याचा शिल्पकार ठरला. इतिहासात माणसे कुठे कुठे भेटतात!) सर्व घटकांची बेरीज काही केल्या शंभर भरेना. उरलेला भाग एका नव्या अल्कलीचा निघाला. तोवर ठाऊक असलेले अल्कली वनस्पतींच्या राखेतून किंवा प्राण्यांच्या शरीरातून मिळत. हा दगडातून मिळाला. म्हणून ग्रीक भाषेतील ‘लिथोस’, अर्थात दगड, या शब्दावरून त्याचे नामकरण झाले.

योगायोग असा, की वैद्यकात त्याच ग्रीक शब्दाला आधीपासूनच एक ठाण होते. मुतखड्याला युरोपीय वैद्य त्याच धातूवरून साधलेल्या नावाने ओळखत. आपल्याकडेही तेच घडले आहे. ‘अश्म’ म्हणजे दगड, त्यावरून ‘अश्मरी’; सुश्रुतसंहितेत अश्मरीचे निदान आणि शस्त्राने ती काढण्याची कृती या दोहोंना स्वतंत्र अध्याय आहेत. १७७६ मध्ये कार्ल विल्हेल्म शेले याने मूत्राशयातील खड्यातून एक आम्ल वेगळे केले, तेव्हा त्यालाही प्रथम या दगडावरूनच नाव पडले. ते आज आपण युरिक आम्ल म्हणून ओळखतो. १७९७ मध्ये वोलॅस्टनने दाखवून दिले की गाऊटच्या रुग्णाच्या सांध्यांवर जी खडूसारखी गाठ येते, तीही याच आम्लाच्या सोडियम क्षाराची असते. म्हणजे मूत्राशयातला खडा आणि पायाच्या अंगठ्यातली आग यांचे मूळ एकच द्रव्य निघाले. गाऊट आणि लघवीच्या तक्रारी यांची जी जोडी पुढे औषधग्रंथांतून, जाहिरातींतून आणि आमच्या आजोबांच्या कुपीतून शंभराहून अधिक वर्षे हातात हात घालून चालली, तिची गाठ इथे बांधली गेली.

गाऊटविषयी एक गोष्ट सांगायलाच हवी. हा आजार युरोपात श्रीमंतांचा मानला जाई. मद्य, मांस आणि आरामखुर्ची यांच्याबरोबर तो येतो अशी समजूत होती. जेम्स गिलरेचे १७९९ चे व्यंगचित्र पाहावे: सुजलेल्या पावलात दात रुतवून बसलेला एक काळा राक्षस, बाकी काही नाही. चरकाने चिकित्सास्थानात वातरक्त नावाच्या ज्या व्याधीचे वर्णन केले आहे, आणि जिची सांगड पुढच्या वैद्यांनी गाऊटशी घातली, तिचे एक नाव ‘आढ्यवात’ असे आहे, म्हणजे धनवंतांचा वात. दोन दूरच्या संस्कृतींनी एकाच दुखण्याकडे पाहून एकच टोमणा मारावा, यात वैद्यकापेक्षा समाजाचे निरीक्षण अधिक असावे. आमचे आजोबा प्राथमिक शाळेत मास्तर होते. त्यांना हे ‘आढ्यवात’ प्रकरण सांगितल्यावर ते म्हणाले, “रोग तरी श्रीमंताचा मिळाला म्हणायचा.”

आता आपल्या कथेतील मुख्य पात्र. आल्फ्रेड बेअरिंग गॅरड (१८१९–१९०७) हा लंडनचा वैद्य. गाऊटच्या रुग्णाच्या रक्तात युरिक आम्ल जास्त असते हे त्याने १८४८ मध्ये दाखवले. ते तपासण्यासाठी त्याने पुढे काढलेली युक्ती इतकी साधी आहे की तिचे वर्णन वाचताना आनंद होतो. रक्तातील निवळ बशीत घ्यायची, तिच्यात ॲसेटिक आम्ल घालायचे, एक सुताचा धागा आत सोडायचा आणि बशी झाकून ठेवायची. युरिक आम्ल जास्त असेल तर दोरीवर खडीसाखर धरावी तसे धाग्यावर स्फटिक धरतात. रक्तातील एखाद्या रासायनिक द्रव्यावरून रोगनिदान करण्याच्या अगदी आरंभीच्या पद्धतींत या धाग्याची गणना होते. गॅरडचा मुलगा आर्चिबॉल्ड यानेही पुढे मुलांच्या काळ्या पडणाऱ्या लघवीवरून जन्मजात चयापचयदोषांची कल्पना मांडली. बापलेकांनी मूत्रावर एवढे कर्तृत्व गाजवल्याचे दुसरे उदाहरण मला तरी माहीत नाही.

१८५९ मध्ये गॅरडचा गाऊटवरील ग्रंथ आला. त्याआधी १८४० च्या दशकातच रसायनज्ञांच्या लक्षात आले होते की युरिक आम्लाचे लिथियमशी होणारे संयुग इतर क्षारांपेक्षा पाण्यात चांगले विरघळते, आणि अलेक्झांडर यूर याने लिथियम कार्बोनेटच्या द्रावणात मुतखडा बुडवून त्याचे वजन घटते हे दाखवले होते. गॅरडने गाऊटने ग्रासलेल्या कूर्चेचे तुकडे घेतले आणि ते लिथियम, पोटॅशियम व सोडियम यांच्या कार्बोनेटांच्या द्रावणांत ठेवले. दोन दिवसांनी लिथियमच्या भांड्यातली कूर्चा स्वच्छ झाली होती, पोटॅशियमच्या भांड्यातली बरीचशी, आणि सोडियमच्या भांड्यातली जशीच्या तशी. याहून बोलका पुरावा कोणता हवा? लिथियम कार्बोनेट पोटात घ्यावे, म्हणजे सांध्यातील खडूही विरघळेल आणि मूत्राशयातील खडाही. १८६४ च्या ब्रिटिश औषधसंहितेत त्याला स्थान मिळाले.

तर्क देखणा होता आणि चूक होता. बशीत जे घडते ते शरीरात घडायचे तर रक्तातील लिथियमचे प्रमाण इतके वाढवावे लागेल की गाऊट बरा होण्याआधी रुग्ण जाईल. शिवाय रक्तात सोडियम मुबलक असते. त्याच्यापुढे चिमूटभर लिथियमचे काही चालत नाही. परंतु हे कळायला अर्धे शतक लागले, आणि दरम्यान युरिक आम्लाच्या कल्पनेने एखाद्या साथीसारखा प्रसार केला. १८९२ मध्ये अलेक्झांडर हेग या लंडनच्याच डॉक्टरने एक जाडजूड ग्रंथ लिहून अर्धशिशी, उदासीनता, अपस्मार, रक्तदाब अशा कितीतरी विकारांचे खापर युरिक आम्लावर फोडले. त्याला स्वतःला अर्धशिशी होती आणि मांसाहार सोडल्यावर ती कमी झाली होती. स्वतःच्या डोकेदुखीवरून जगाच्या व्याधी समजावून सांगणाऱ्यांपैकी तो होता. त्या पिढीतील सुशिक्षित माणसाला ‘आपल्या रक्तात युरिक आम्ल साचले आहे’ असे वाटणे जितके स्वाभाविक होते, तितके आजच्या माणसाला कोलेस्टेरॉलविषयी वाटते.

आता पहिल्या प्रश्नाकडे परत. लिथियम कार्बोनिकम होमिओपॅथीत आणले ते कॉन्स्टंटाइन हेरिंग यांनी. जन्म सॅक्सनीत १८०० चा, कर्मभूमी अमेरिकेतील फिलाडेल्फिया, मृत्यू १८८०. होमिओपॅथीच्या अमेरिकन परंपरेचे ते जनकच. निरोगी माणसांना लिथियमचा क्षार देऊन त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी लक्षणे नोंदवली. नोंदणाऱ्यांच्या प्रामाणिकपणावर मला शंका घ्यायची नाही. पण ज्या काळात लिथियम आणि गाऊट हे शब्द वैद्यकीय जगात एकाच दमात उच्चारले जात, त्या काळात लिथियम घेतलेल्या माणसाचे लक्ष आपल्या बोटांच्या सांध्यांकडे आणि लघवीच्या रंगाकडे अधिक गेले नसेल का? बोट तर कोणाचेही अधूनमधून दुखते. लक्षणांची ती यादी गॅरडच्या ग्रंथाची सावली अंगावर घेऊन उभी आहे असे माझे मत आहे. मत म्हणूनच ते मांडतो. सिद्ध करण्याइतका पुरावा माझ्यापाशी नाही. मात्र यादीत जे नाही ते अधिक बोलके आहे. लिथियम पुरेशा मात्रेत घेणाऱ्या माणसाला ठळकपणे काय होते हे आज आपल्याला ठाऊक आहे: हात कापतात, तहान खूप लागते, लघवी पुष्कळ आणि पाण्यासारखी होते, मन संथावते. ग्रंथात मात्र ठाण मांडून बसला आहे तो गाऊट.

मात्रेचा मुद्दा इथेच संपवतो. बोरिक पहिल्या ते तिसऱ्या खलापर्यंतचेच औषध सुचवतात; त्यात वजनाने मोजता येईल इतके तरी लिथियम असे. आजोबांच्या कुपीवर ३० हा आकडा होता. शंभरात एक असे तीस वेळा विरल करायचे म्हणजे एकावर साठ शून्ये इतका विस्तार होतो; बाराव्या पायरीच्या आसपासच मूळ द्रव्याचा शेवटचा कण संपलेला असतो. आजोबांच्या गोळ्यांत साखर होती. तिचा त्यांना अपाय झाला नाही, आणि गाऊटचा झटका हा आठवड्या-दोन आठवड्यांत आपोआप ओसरणारा प्रकार असल्याने प्रत्येक वेळी श्रेय कुपीला मिळत गेले. असो.

या विरलतेवर हसणाऱ्या ॲलोपॅथीनेही त्याच काळात काय केले ते पाहणे उद्बोधक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत लिथिया जलाची लाट आली. नैसर्गिक झऱ्यांचे लिथियमयुक्त पाणी बाटल्यांत भरून विकले जाई. गाऊट, मुतखडा, मूत्राशयाचे विकार, मज्जातंतूंचा थकवा, सगळ्यांवर ते चाले आणि मोठमोठ्या डॉक्टरांची शिफारसपत्रे जाहिरातींत झळकत. सर्वांत नामांकित म्हणजे व्हर्जिनियातील बफेलो लिथिया पाणी. १९१० मध्ये सरकारने त्याच्या पेट्या जप्त केल्या आणि खटला चालला. न्यायालयापुढे जे हिशेब आले ते थक्क करणारे होते. लिथियमची औषधी मात्रा पोटात जायची तर या पाण्याचे दिवसाला दीड ते सव्वादोन लाख गॅलन प्यावे लागतील; आणि राजधानीजवळून वाहणाऱ्या पोटोमॅक नदीच्या पाण्यात याच्या पाचपट लिथियम आहे! थोडक्यात, शास्त्रीय म्हणवणाऱ्या वैद्यकानेही एक प्रकारची होमिओपॅथीच बाटलीबंद करून विकली, फक्त तत्त्वज्ञान न सांगता. कंपनीने नावातून लिथिया काढून टाकले.

मोह मात्र सुटला नव्हता. १९२९ च्या ऑक्टोबरात, शेअरबाजार कोसळण्याच्या जेमतेम दोन आठवडे आधी, सेंट लुईसच्या चार्ल्स लायपर ग्रिगने लिंबाच्या स्वादाचे एक पेय बाजारात आणले. त्यात लिथियम सायट्रेट होते आणि नावातही लिथियमचा उल्लेख होता. तेच पुढे सेव्हन अप झाले. १९४८ च्या सुमारास त्यातून लिथियम वगळण्यात आले. त्याच सुमारास अमेरिकेत हृदयविकाराच्या रुग्णांसाठी मिठाला पर्याय म्हणून लिथियम क्लोराइड विकले जाऊ लागले होते. मीठ बंद केलेले रुग्ण ते अन्नावर सढळ हाताने शिंपडू लागले. शरीरात सोडियम कमी पडले की मूत्रपिंडे लिथियम बाहेर टाकण्याऐवजी धरून ठेवतात. काही रुग्ण दगावले, आणि १९४९ मध्ये हा माल घाईघाईने मागे घेतला गेला. नव्वद वर्षे लिथियमने कोणाचे फारसे बरे केले नव्हते. आता जेव्हा ते खरोखर मात्रेत पोटात गेले तेव्हा त्याने माणसे मारली. डॉक्टरांच्या मनात हे नाव काळ्या यादीत गेले.

आणि नेमक्या त्याच वर्षी, ३ सप्टेंबर १९४९ रोजी, ऑस्ट्रेलियाच्या वैद्यकीय नियतकालिकात जॉन केड यांचा निबंध छापून आला.

केड यांची हकिकत अनेकांनी सांगितली आहे, पण ती मुळात गाऊटच्या गोष्टीचाच पुढचा अध्याय आहे हे क्वचितच कोणी सांगते. सिंगापूर पडल्यावर ते साडेतीन वर्षे चांगी येथे जपान्यांचे युद्धकैदी होते. परतल्यावर मेलबर्नजवळच्या बंडूरा येथील मनोरुग्णालयात ते काम करू लागले. उन्माद हा शरीरातील कोणत्या तरी द्रव्याच्या अतिरेकाने होणारा नशेसारखा प्रकार असावा असा त्यांचा कयास होता. तसे असेल तर ते द्रव्य लघवीत उतरेल. रुग्णालयातील एका वापरात नसलेल्या कोठीघरात त्यांनी प्रयोगशाळा थाटली आणि उन्मादी रुग्णांची लघवी गिनिपिगांच्या पोटात टोचायला सुरुवात केली. (लघवीचे नमुने घरच्या फ्रिजमध्ये ठेवले जात असे म्हणतात. त्यांच्या पत्नीचे मत इतिहासात यायला हवे होते.) गिनिपिग मेले. मारणारे द्रव्य युरिया होते. पण त्याची विषारी शक्ती युरिक आम्लामुळे वाढत असावी असा केड यांना संशय आला. पुन्हा युरिक आम्ल! हेगच्या काळापासून मनोविकारांच्या दारात घोटाळणारे. ते तपासायचे तर टोचण्याजोगे द्रावण हवे, आणि युरिक आम्ल पाण्यात विरघळत नाही. तेव्हा केड यांनी त्याचा सर्वांत विद्राव्य क्षार निवडला. गॅरडच्या भांड्यातला तोच तो लिथियमचा क्षार.

विषारीपणा वाढण्याऐवजी कमी झाला. मग केड यांनी युरिक आम्ल बाजूला ठेवून नुसते लिथियम कार्बोनेट टोचून पाहिले. एरवी बुजरे, धडपडे असणारे गिनिपिग दोन तासांत मंदावले. उताणे केले तरी तसेच शांतपणे पडून राहिले. ते खरे तर विषबाधेने गलितगात्र झाले होते असे आज बहुतेकांना वाटते. म्हणजे चुकीच्या सिद्धान्तावरून, चुकीच्या प्रयोगातून, चुकीचे अनुमान. आणि त्या अनुमानावर विसंबून केड यांनी आधी स्वतः लिथियम घेऊन पाहिले, मग २९ मार्च १९४८ रोजी एका रुग्णाला दिले.

निबंधात तो रुग्ण केवळ आद्याक्षरांनी येतो. वय ५१, पाच वर्षे अखंड उन्माद, वॉर्डातला सर्वांत त्रासदायक माणूस. आयुष्यभर तिथेच राहणार असे सर्वांनी धरलेले. तीन आठवड्यांत तो बऱ्या होत असलेल्यांच्या वॉर्डात गेला. जुलैत घरी गेला आणि पुन्हा जुन्या नोकरीवर रुजू झाला. पुढे त्याने गोळ्या घेणे सोडले आणि काही महिन्यांत तो परत आला. लिथियम पुन्हा सुरू झाले, थांबले, पुन्हा सुरू झाले. मे १९५० मध्ये तो लिथियमच्याच विषबाधेने मेला. केड यांनी काही काळ आपल्या रुग्णालयात लिथियमचा वापर थांबवला.

यापुढचे काम इतरांनी केले. मेलबर्नमध्येच ट्राउटनर यांनी रक्तातील लिथियम मोजण्याचा आग्रह धरला. डेन्मार्कमध्ये मोगेन्स शू यांनी १९५४ मध्ये पद्धतशीर चाचणी प्रसिद्ध केली. त्यांच्या स्वतःच्या भावाला नैराश्याचे वारंवार झटके येत, त्यामुळे त्यांच्यासाठी हा केवळ शास्त्रीय प्रश्न नव्हता. (डेन्मार्कमध्येच कार्ल लांगे यांनी १८८६ मध्ये, युरिक आम्लाच्याच सिद्धान्तावरून, नैराश्याच्या रुग्णांना लिथियम दिले होते. ते साफ विसरले गेले होते.) लंडनच्या मंडळींनी १९६८ मध्ये लिथियम ही दंतकथा असल्याचे जाहीर केले, शू यांनी दोन वर्षांनी अधिक कडक चाचणीने उत्तर दिले, आणि १९७० मध्ये अमेरिकेत उन्मादावर त्याला मान्यता मिळाली. इतका उशीर का, याचे एक कारण उघड आहे. दगडातून मिळणाऱ्या स्वस्त क्षारावर कोणाला पेटंट घेता येत नव्हते, आणि ज्यात नफा नाही त्याची बाजू मांडायला प्रतिनिधी दारोदार फिरत नाहीत.

गाऊटचे म्हणाल तर १९६६ पासून ॲलोप्युरिनॉल मिळू लागले. ते युरिक आम्ल विरघळवण्याच्या भानगडीत पडत नाही. ते तयार होण्यालाच आळा घालते. लिथियम गाऊटवर देण्याचे कारण उरले नाही. ते उरले फक्त होमिओपॅथीच्या कपाटांत, जिथे ग्रंथात एकदा आलेले लक्षण सहसा बाहेर जात नाही.

आता मामाविषयी. त्याला लिथियम मिळाले तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता आणि त्याआधी दोनदा त्याला बांधून न्यावे लागले होते. गोळ्यांनी तो सावरला, नोकरीला लागला, संध्याकाळी मंडईतून भाजी आणू लागला. रक्त तपासायला दर तीन महिन्यांनी जावे लागे. लिथियमचे प्रमाण लिटरला ०.६ ते १.० मिलिमोल या अरुंद पट्ट्यात ठेवावे लागते. खाली गेले तर उपयोग नाही, दीडच्या वर गेले की धोका. मीठ अचानक कमी करायचे नाही, उन्हात पाणी तोडायचे नाही, सांधेदुखीवरच्या काही नेहमीच्या गोळ्या घ्यायच्या नाहीत, कारण त्यांनी रक्तातले लिथियम चढते. गाऊटच्या झटक्यात आजोबा ज्या वेदनाशामक गोळ्या घेत, त्याच मामाला वर्ज्य होत्या. त्या फडताळात खरी जपण्याची गोष्ट ही होती, आणि ती आम्हांला कोणी कधी नीट सांगितली नाही.

चार वर्षे बरी गेली. मग घरातल्याच एका हितचिंतकाने दोन बाटल्या शेजारी ठेवून पाहिल्या. नाव एकच, एक कडक, रक्त तपासायला लावणारी, हात कापवणारी, दुसरी सौम्य, गोड, दुष्परिणाम नसलेली. ‘औषध तेच आहे, मात्रा तेवढी सूक्ष्म.’ कोणाचाही हेतू वाईट नव्हता. मामाने मोठ्या गोळ्या बंद केल्या आणि आजोबांच्या कुपीतल्या चार-चार गोळ्या जिभेवर ठेवू लागला. दोन महिने त्याला फार छान वाटले. हात कापायचे थांबले, झोप कमी झाली तरी थकवा नव्हता, तो पहाटे उठून कविता लिहू लागला. घरात सगळे खूश होते. आजी तेवढी म्हणाली, “हा फार बोलतोय.” तिसऱ्या महिन्यात त्याने भविष्यनिर्वाह निधीतून काढलेली सगळी रक्कम देऊन एक बंद पडलेला छापखाना विकत घेतला.

केड यांच्या पहिल्या रुग्णाची हकिकत मी फार नंतर वाचली. गोळ्या सोडण्याचे त्याचे कारण निबंधात तपशिलाने येत नाही. मला ते वाचायची गरज वाटली नाही.

मामा पुन्हा लिथियमवर आला आणि आजवर आहे. सदतीस वर्षे झाली. या अवधीत त्याला एकदाही बांधावे लागले नाही. लिथियम मेंदूत नेमके काय करते याविषयी आजही एकमत नाही. ते आत्महत्या टाळते याविषयी मात्र बरेच आहे. त्याची किंमत मूत्रपिंडे चुकवतात. वर्षानुवर्षे लिथियम घेणाऱ्या अनेकांच्या मूत्रपिंडांची पाणी राखण्याची शक्ती जाते. मामाच्या उशाशी रात्री तांब्याभर नव्हे तर घागरभर पाणी असते आणि तो चार-पाच वेळा उठतो. लघवीच्या तक्रारीवरचे औषध म्हणून ज्याची जाहिरात झाली, त्या लिथियमने शेवटी दिली ती लघवीची तक्रारच. ‘सम: समं शमयति’ म्हणणारे आजोबांचे डॉक्टर असते तर यावर काय म्हणाले असते कोणास ठाऊक, ते विनोदबुद्धीचे गृहस्थ होते.

गेल्या दोन तपासण्यांत मामाचे क्रिएटिनीन थोडे चढले आहे. मानसोपचारतज्ज्ञ मात्रा थोडी उतरवून पाहू म्हणतात, मूत्रपिंडाचे डॉक्टर बंदच करा म्हणतात. मामीने दोघांनाही सांगितले आहे की निर्णय तिला विचारल्याशिवाय घ्यायचा नाही. पुढची तपासणी आषाढी झाल्यावर आहे.